शेवटचा डबा, शेवटचा उंचवटा

नागपूरला आदिलाबादच्या बसमध्ये मी सगळ्यांत मागचा बाक धरला, तसा कंडक्टर म्हणाला, "मॅडम, पुढं जागा हाये ना. मागं लय आदळते."

"म्हणूनच बसलेय," मी म्हणाले. त्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि तिकीट फाडून दिलं.

कंडक्टरचा दोष नाही. पन्नाशीची, विमा कचेरीत नोकरी करणारी, खांद्यावर शबनम अडकवलेली बाई आदळायला मिळावं म्हणून मागे बसते, हे कुणाला पटणार? मला रोलरकोस्टरचं वेड आहे. रजा मिळाली की लोक देवदर्शनाला जातात, मी पाळण्यांच्या बागा गाठते. नवरा याला 'तिकीट काढून घाबरणं' म्हणतो. माझ्यासारखे आणखीही वेडे देशभर पसरलेले आहेत आणि फोनवर आमचा एक गट आहे. तिथे आम्ही एकमेकांना सगळं कळवतो आणि कडाकडा भांडतो.

लोकांना वाटतं, आम्हाला उंची आणि वेग लागतो. चूक. नुसती उंची हवी असेल तर पाण्याच्या टाकीवर चढावं. आम्ही शोधतो तो एक क्षण. गाडी उंचवट्यावरून खाली वळते, पण आपलं अंग अजून वरच निघालेलं असतं. बूड बाकावरून सुटतं, पोटात खड्डा पडतो आणि मांडीवरचा आडवा दांडा नसता तर आपलं काय झालं असतं हे एकदम उमजतं. याला आम्ही एअरटाइम म्हणतो आणि त्यासाठी शेकडो मैल जातो. तो बहुधा शेवटच्या डब्यात मिळतो, कारण पुढचे डबे उतरायला लागले की शेवटच्याला ओढून नेतात. एक गोष्ट मात्र आम्ही बसण्याआधीच पाहतो, ती म्हणजे उतरणाऱ्यांची तोंडं. राइड चांगली असेल तर माणसं अनोळखी माणसांशीही बोलायला लागतात. वाईट असेल तर चपला शोधत निघून जातात.

आमच्या गटात आदिलाबादचे एक सर होते. शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी एका बंद पडलेल्या बागेतला लहानसा रोलरकोस्टर उचलून आणला, त्याचा शेवटचा उंचवटा स्वतः बसून पुन्हा आखला आणि दर हिवाळ्यात गावाला लागूनच असलेल्या मावल्याच्या एक्झिबिशनमध्ये (म्हणजे आपली जत्राच, फक्त देव नसलेली) तो उभा करू लागले. "एकदा या, शेवटच्या डब्यात बसा," असं ते सगळ्यांना लिहीत. आम्ही कुणीच गेलो नाही. जत्रेतला छोटा पाळणा म्हणून सोडून दिलं. गेल्या वर्षी सर वारले आणि या हिवाळ्यात त्यांच्या पत्नीचा, विशाखाताईंचा, फोन आला.

"ताई, भैंसा गावचा लोखंडवाला तो पाळणा भंगारात मांगून राह्यला. पोरगी म्हन्ते देऊन टाक. मले तर यातलं काईच कळत नाही. तुमी येऊन मुआयना करा अन् फैसला सांगा."

मुआयना म्हणजे तपासणी. बाई तहसील कचेरीत कारकून होत्या आणि त्या कचेरीत निजामाच्या वेळचे शब्द अजून खुर्चीवर आहेत. फैसला सांगायचा अधिकार कुणी दिला की मला आवडतंच. मी लगेच रजा टाकली.

पांढरकवड्याच्या अलीकडे बस पंक्चर झाली. ड्रायव्हर खाली उतरून चाकाकडे बघत उभा राहिला, आम्ही सगळे उतरून ड्रायव्हरकडे बघत उभे राहिलो. रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके लटकले होते. ताडपत्रीबाहेर फुगलेले कापसाचे ट्रक एकामागून एक जात होते आणि प्रत्येक जण बाभळींना थोडा थोडा कापूस देऊन जात होता. पैनगंगेचा पूल ओलांडल्यावर पाट्या तेलुगू झाल्या, माणसं मात्र तशीच राहिली. आदिलाबादला पोचायला इतका उशीर झाला की एक्झिबिशनचे दिवे मालवत आले होते.

विशाखाताईंनी ज्वारीची भाकरी आणि गोंगूरा (आपली अंबाडी, पण लसूण-मिरची घालून घोटलेली) असं जेवण वाढलं. त्यांची मुलगी प्रज्ञा तिथल्याच कॉलेजात शिकवते. ती सरळ मुद्द्यावर आली.

"मावशी, तुम्ही खरं सांगा, बस्स. आईचे गुडघे गेले आहेत. या थंडीत ती रोज संध्याकाळी तिथं उभी राहते. पप्पांचा शौक होता, पप्पा गेले. आता काऊन ओढत बसायचं?"

"उद्याच्याले तो लोखंडवाला येऊन राह्यला," विशाखाताई म्हणाल्या. "संध्याकाळी हो का नाई सांगा लागते."

त्यांच्या आवाजात ना राग होता ना रडू. भाकरी थापताना जेवढा येतो तेवढाच आवाज. मला उगाच वाटलं, बाईंनी मनातल्या मनात विकूनच टाकला आहे.

आमच्या लोकांची एक खोड आहे. आम्ही कुठेही गेलो की बाग उघडता उघडता पहिले आत शिरतो. रांग नाही, गर्दी नाही, हवी ती जागा. त्याप्रमाणे मी सकाळीच चला म्हणून मागे लागले. आदिलाबादची हिवाळी सकाळ म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. नागपूरची शाल कुचकामी ठरली, दात वाजायला लागले. मैदानावर आम्ही तिघी आणि झाडूवाले सोडले तर कुणी नव्हतं. मोटरवरच्या माणसाने शेकोटी सोडून साखळी चालू केली, विशाखाताई फलाटाच्या टोकाला ब्रेकच्या दांड्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि मी एकटी शेवटच्या डब्यात बसले.

साखळीची खटखट छान होती. पहिली उतरण ठीक. वळणावर गाडी कुरकुरली. शेवटच्या उंचवट्यावर तर ती म्हातारीने पायरी चढावी तशी चढली, माथ्यावर थबकली आणि घरंगळत खाली आली. पोटात खड्डा सोडा, साधी गुदगुली झाली नाही. मला सरांचा राग आला, खरंच राग आला. एवढं कौतुक त्यांना कशाचं होतं?

"कसं वाटलं?" विशाखाताईंनी विचारलं.

मी मिळमिळीत बोलणारी नाही आणि तोंड आवरणारीही नाही. "विकून टाका," मी म्हणाले. "यात काही नाही."

त्यांनी मान हलवली. "बरं," एवढंच म्हणाल्या आणि ब्रेकचा दांडा पदराने पुसून ठेवला. प्रज्ञाने तिथूनच लोखंडवाल्याला फोन करून संध्याकाळी ट्रकचं बोलायला या म्हणून सांगितलं. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

दुपारी प्रज्ञाने गाव दाखवलं. बसस्टँडजवळ आम्ही अल्लम चाय (आल्याचा चहा) घेतला. तो घशात उतरला तेव्हा कुठे सकाळची थंडी गेली. मी विचारलं, "तुझी आई बसते का गं कधी त्यात?"

"आई? नाही हो. कधीच नाही. पप्पा रोज म्हणायचे, विशाखा, एकदा बस. तर ही म्हणे, मंग ब्रेक कोन धरीन? दुसऱ्या कुणाच्या हाती ब्रेक द्यायला पप्पाही तयार नसायचे. पप्पा लोकांना बसवायचे, दांडे तपासायचे, आई ब्रेक धरायची. असंच चाललं."

"आणि तू?"

"मला कॉलेज होतं," ती म्हणाली आणि चहा फुंकत राहिली.

बस रात्रीची होती. नुसतं बसून काय करायचं म्हणून संध्याकाळी पुन्हा मैदानावर गेले. सकाळचं मैदान आणि हे मैदान एक आहे हे सांगून पटलं नसतं. दिवे, तेलुगू गाणी, मिरची बज्जीचा खमंग वास. दिवसभराच्या उन्हाने लोखंड अजून कोमट होतं. नेरडीगोंड्याकडून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून कापूस वेचणाऱ्या बाया सुट्टीच्या आल्या होत्या आणि त्यांनी अख्खी गाडी भरून टाकली होती. मोटरवरचा माणूस जाडजूड बायांना हाताने खुणावून मागच्या डब्यांकडे पाठवत होता. "एनक्कू, एनक्कू!" (मागे, मागे!) बायाही "अय्यो" म्हणत, एकमेकींना ढकलत मागे जात होत्या.

मी बज्जी खात सवयीने उतरणाऱ्यांची तोंडं बघत उभी राहिले आणि बज्जी हातातच राहिली. एक बाई उतरली ती थेट माझ्याकडे आली, माझा दंड धरला आणि तेलुगूत भडाभडा बोलायला लागली. मला एक शब्द कळला नाही. ती पोटावर हात ठेवून, तो हात वर उडवून दाखवत होती. तिच्या मागच्या दोघी फुगेवाल्याला तेच सांगत होत्या.

मी बज्जी टाकली आणि शेवटच्या डब्यात घुसले. पहिली उतरण आली आणि गाडीने सकाळच्या गाडीशी ओळखच ठेवली नाही. भरलेली गाडी, गरम झालेलं वंगण. वळण सपकन मागे गेलं. पुढचे डबे उंचवट्यापलीकडे बुडाले आणि त्यांनी आम्हाला जे ओढलं, त्यासरशी मी बाकावरून सुटले. अलगद, पूर्ण, आणि वाटलं होतं त्याहून जास्त वेळ. शेजारची बाई किंचाळली, मीही किंचाळले. मोठमोठ्या बागांतल्या डोंगराएवढ्या राइड्सवर मी असा क्षण फार थोड्या वेळा अनुभवला आहे. सरांनी हा उंचवटा गर्दीसाठी आखला होता. आणि मी शहाणी, गर्दी टाळून, गारठलेल्या रिकाम्या गाडीत बसून निकाल देऊन आले होते.

फलाटावर लोखंडवाला येऊन उभा होता. रुळाच्या खांबाला टिचक्या मारत तो प्रज्ञाला सांगत होता, "पुराना लोहा है मॅडम. काटके लेके जाना पडता." मी उतरले ती सरळ ब्रेकपाशी गेले.

"विशाखाताई, माझा फैसला चुकला. सकाळची गाडी ही गाडीच नव्हती. याचे आडवे दांडे जुने झालेत, ते बदलावेच लागतील. पण सरांनी जे केलंय, ते मोठमोठ्यांना जमलेलं नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे काय केलं त्यायनं?"

 मघाच्या बाईसारखा पोटावर हात ठेवून वर उडवून दाखवायचा, की एअरटाइमवर भाषण द्यायचं? "सांगता येत नाही," मी म्हणाले. "बसावं लागतं."

"मंग ब्रेक कोन धरीन?"

त्या हे सवयीने बोलून गेल्या. पण बोलल्याबरोबर त्यांचा चेहरा बदलला, कारण हे उत्तर ज्या माणसासाठी होतं तो समोर नव्हता.  मग प्रज्ञाने पर्स माझ्या हातात दिली, ओढणी कमरेला बांधली आणि ब्रेकचा दांडा धरला.

"बस आई. मी आहे ना."

"तुले जमीन का?"

"पप्पांनी शिकवलं होतं. तू बस."

विशाखाताईंनी आधी प्रज्ञाचे हात दांड्यावर नीट ठेवले, कधी ओढायचं ते दोनदा सांगितलं आणि मग माझ्या शेजारी बसल्या. त्यांच्या मांडीवरचा दांडा मी तीनदा हलवून पाहिला. साखळी चढताना त्या खाली न बघता फलाटाकडेच बघत होत्या, पोरगी नीट उभी आहे की नाही. पहिल्या उतरणीला त्यांनी माझं मनगट असं पकडलं की दुसऱ्या दिवशीही दुखत होतं. मग शेवटचा उंचवटा आला. आम्ही दोघी बाकावरून सुटलो आणि त्यांच्या पायातली एक चप्पल उडून रुळाखाली गेली.

गाडी थांबली. प्रज्ञाने ब्रेक जरा जोरातच ओढला. विशाखाताई उतरल्या नाहीत.

"हे असं होतं?" त्या म्हणाल्या. "रोज मले सांगत होते, अन् मी रोज इथं उभी. हे असं होतं होय?" आणि त्या रडायला लागल्या, आणि रडता रडता हसायलाही. मलाही राहवलं नाही.

लोखंडवाल्याने घसा खाकरला. "तो मॅडम, फिर ट्रकका क्या करना?"

विशाखाताईंनी डोळे पुसले. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, तशाच त्या बसून राहिल्या. "पहले तुम बैठो," त्यांनी शेजारची जागा दाखवली. "पीछे. बाद में लोहे का भाव बोलो."

माणूस आडदांड होता, पण त्याने उंचवट्याकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकला. "मेरेकू चक्कर आती," असं म्हणून तो जो गेला, तो बज्जीच्या गर्दीत दिसेनासा झाला. प्रज्ञाने त्याला हाक मारली नाही. पुढची माणसं चढायला लागली होती आणि तिने ब्रेकवरचा हात काढला नव्हता.

परतीच्या बसमध्ये मी पुन्हा मागच्या बाकावर बसले. मी इतक्या गाड्यांत बसले, उतरणी पाहिल्या, वळणं पाहिली, उतरणाऱ्यांची तोंडं पाहिली, पण ब्रेकपाशी कोण उभं आहे हे कधी वळून पाहिलं नव्हतं. आम्हाला हवेत सुटता येतं, ते कुणीतरी खाली उभं असतं म्हणून. गटाला मी हे सगळं लिहून कळवलं. आता चौघे जण मावल्याला जायला निघाले आहेत. त्यांना बजावून सांगितलं आहे की संध्याकाळीच जा, गर्दीतच जा.

काल प्रज्ञाचा निरोप आला. नवे दांडे बसले. ती कॉलेज सुटल्यावर सरळ मैदानावर जाते आणि आधी एक फेरी ब्रेक धरते. "आई रोज बसते," तिने लिहिलं आहे. "आता चपला माझ्यापाशी काढून ठेवते."