उघड्या बाटलीवर माझं तोंड

उजेड जाताना दिसतो का, हे विचारण्यासाठी मी मास्क हनुवटीखाली ओढला. चूक एवढीच.

साल २००९ असावं. पिरंगुटजवळच्या एका सरबताच्या कारखान्यात मी सुपरवायझर होतो. आवळ्याच्या सरबताला बुरशी धरते अशा तक्रारी येत होत्या आणि गुन्हेगार मी हुशारीनं शोधून ठेवला होता: झाकणं बसवणारी माण गावची बाई. हात नीट धूत नाही, सोमवारपासून काढावी, असा कागद मी साहेबांच्या टेबलावर ठेवला होता.

"सायेब, दोनदा साबण लावतिया मी. बगा की हात," मी सगळ्यांसमोर बोल लावला तेव्हा ती म्हणाली होती. मी बघितले नव्हते.

भरताना रस बाहेर का उडतो ते पाहायला साहेबांनी दिवसभरासाठी एक कॅमेरा भाड्यानं आणला. सेकंदाचे हजारो तुकडे करणारा. दिव्यांचे झोत असे, की माशीही भाजून निघावी. मी उघड्या बाटल्यांवर वाकून, कॅमेरा चालवणाऱ्या मुलीला म्हणालो, "प्रकाश प्रवास करताना टिपतो का हो हा?"

"नाही काका. त्याला याच्या लाखो पट वेगवान लागतो. परदेशात प्रयोगशाळांत आहेत तसे. हा थेंबापुरताच."

थेंबापुरता तो चोख होता. जरा वेळानं पडद्यावर माझं तोंड आलं, दरवाज्याएवढं. ओठ फाकले. दातांत लाळेची तार ताणली, तुटली, तिचे मणी झाले. त्यांच्यासोबत कोथिंबिरीचं एक पान निघालं, दुपारच्या डब्यातलं. सगळा लवाजमा झोतात चमकत, कसलीही घाई नसल्यासारखा तरंगत खाली आला आणि बाटलीत उतरला. लाळ दुसऱ्याची असती तर निदान तोंड तरी फिरवता आलं असतं.

रोज पाळी सुरू होताना मी तिथंच, उघड्या बाटल्यांपाशी उभा राहून स्वच्छतेवर बोलायचो. मास्क कामगारांनी लावायचा; आम्ही सुपरवायझरांनी मात्र बोलणं नीट ऐकू जावं म्हणून तो उतरवायचा, अशी रीत होती.

पडद्याभोवती जमलेल्यांपैकी कोणी हसलं. ती बाई हसली नाही. "माजं हात बगायचं ऱ्हायलंय का अजून?"

मी साहेबांना म्हणालो, "चूक माझी आहे," आणि तो कागद त्यांच्यासमोर फाडला. बाई कामावर राहिली.

संध्याकाळी भुकूमला घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. कागद फाडल्याचा भाग जरा रंगवूनच. ती ताट वाढता वाढता थांबली.

"वीस वर्षं तुमच्यासमोर बसून जेवतेय. मला नाही लागला कॅमेरा," ती म्हणाली. "पण साहेबांना सांगितलंत, ठीक. तिला काय म्हणालात?"

मी पाण्याचा तांब्या पुढे ओढला.

"मग उद्या आधी तिच्याशी बोला. सगळ्यांसमोर. तिला दोषी ठरवलंत तेही सगळ्यांसमोरच ना?"