गुलाबी साबणाची डबी, एक नग

कुणी माझ्यापुढे बसायला खुर्ची सरकवली की ती घटना आठवते, आणि मी आधी वाकून खुर्चीखाली बघतो. सौभाग्यवती म्हणतात, वय झालं. वय झालंच आहे, पण वाकण्याचं कारण वेगळं आहे. नोकरीत माझ्या हातून बऱ्याच चुका झाल्या. काही वरिष्ठांनी झाकल्या, काही मीच झाकल्या. ही एक मात्र भर बाजारात उघडी पडली, आणि उघडी पाडणाराही मीच होतो.

तेव्हा मी मुळशी तालुक्यातल्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. निवृत्ती नजरेच्या टप्प्यात आली होती. घोटावड्याच्या रस्त्याला संगणकी भरतकामाचा एक कारखाना होता. शाळेच्या गणवेशाच्या खिशावर बोधचिन्ह, कंपनीच्या टी-शर्टावर नाव, असली कामं. एका सकाळी मालक तक्रार घेऊन आले. नक्षी तयार करायचा संगणक चोरीला गेला होता. पडदा जागेवर, कळफलक जागेवर, फक्त टेबलाखालचा काळा डबा गेला होता. कुलूप तोडलेलं नव्हतं, खिडक्या शाबूत होत्या. म्हणजे चोर आतला, नाहीतर उजळ माथ्याने आत येणारा.

मी फाटकावरची नोंदवही मागवली. आदल्या आठवड्यात कोण आलं, कोण गेलं, सगळ्यांना बोलावलं. सुताचा पुरवठादार, वायरमन, झाडूवाल्या बाई. कुणाकडेच काही मिळालं नाही. चार दिवस मी कारखाना आणि ठाणे यांच्यामध्ये हेलपाटे घालत होतो आणि मधल्या फाट्यावर एका टपरीत चहा पीत होतो. चहावाला बोलका होता. मोटरसायकलीला थर्मास बांधून तो आसपासच्या कारखान्यांत आणि दुकानांतही चहा पोचवायचा.

पाचव्या दिवशी त्याने मला कोपऱ्यात बोलावलं.

"ह्यावर बसा साहेब, बाकड्याची फळी हलतीय." गोणपाट टाकलेली एक बसकी बैठक होती. टणक होती, पण चहा चांगला होता. "पेठंतल्या मास्तरांकडं बघितलं का तुमी?"

"शिवणकामवाले?"

"व्हय. त्येंनी बी भरतकामाचं मशीन घेतलंय की. त्येंच्या टीव्हीवर कारखान्यातलंच चाललंय. त्योच पडदा, त्याच रंगाच्या पट्ट्या. दोन्हीकडं मीच च्या देतो, मला कळत न्हाई व्हय?"

"आणि डबा?"

"त्येच तर! टीव्ही चालू, पन डबा कुटंच न्हाई. लपीवलाय, दुसरं काय?"

मी तिथूनच कारखान्याच्या मालकांना फोन लावला. तो प्रोग्राम आणखी कशावर चालतो, असं विचारलं. ते म्हणाले, "साहेब, विंडोजच्या कॉम्प्युटरशिवाय चालतच नाही. मोबाइलवर नाही, टीव्हीवर तर नाहीच."

झालं. प्रोग्राम आहे म्हणजे डबा आहे. डबा दिसत नाही म्हणजे लपवलेला आहे. लपवलेला आहे म्हणजे चोरीचा आहे. इतका सरळ तर्क मला उभ्या नोकरीत सुचला नव्हता. त्यातला एकही सांधा निसटत नव्हता, फक्त पहिलाच चुकीचा होता.

मास्तर म्हणजे शिंपी. पेठेतलं जुनं मुसलमान कुटुंब, तिसरी पिढी. अर्ध्या तालुक्याचे गणवेश त्यांनीच शिवलेले. माझी खाकी पँटही त्यांनी दोनदा कमरेत सैल करून दिली होती आणि त्यावर एक अक्षरही न बोलण्याची सभ्यता दाखवली होती. अशा माणसाच्या दारात मी दोन पंच, एक महिला शिपाई आणि हवालदार घेऊन उभा राहिलो. झडतीचं चित्रण करावं लागतं, म्हणून हवालदार मोबाइल धरून मागोमाग. ते चित्रण नसतं तर पुढचं सगळं मी जरा बरं करून सांगितलं असतं.

दुकान पुढे आणि घर मागे. टीव्हीवर खरोखरच नक्षी दिसत होती, एका शाळेचं बोधचिन्ह.

"डबा कुठाय, मास्तर?"

"डबा मेला साहेब. दोन वर्षं झाली."

"मग हे कशावर चाललंय?"

मास्तरांनी टीव्हीशेजारी बोट दाखवलं. "त्या डबीवर."

टीव्हीच्या बाजूला साबणाची गुलाबी डबी होती. प्रवासात नेतात तसली. तिला दोन-तीन वायरी चिकटल्या होत्या. मास्तर थट्टा करताहेत असंच मी धरलं. तेवढ्यात मास्तरांच्या बायकोने आतून चहा आणला, आणि कप ठेवायला जागा हवी म्हणून मी ती डबी छडीने बाजूला सारली. टीव्ही काळा झाला.

चित्रणात माझा आवाज स्पष्ट ऐकू येतो: "बघितलंत? आपल्याला बघून आतून कुणीतरी बंद केला!"

मग आम्ही आत घुसलो. तांदळाचं पिंप उपसलं. माळ्यावरच्या गाद्या खाली काढल्या. हवालदाराला गच्चीवरच्या टाकीत हात घालायला लावला, तो खांद्यापर्यंत भिजला.

"टाकीत कोन संगणक ठेवतं का, साहेब?" मास्तरांच्या बायकोने विचारलं.

"बाई, तुम्ही मध्ये बोलू नका."

हे वाक्यही चित्रणात आहे.

डबा मिळाला नाही, पण चार वस्तू मी जप्त केल्या: टीव्ही, कळफलक, माऊस आणि एक पेनड्राइव्ह. पंच म्हणाला, "साहेब, ही डबी?" मी म्हणालो, "अहो, साबण कशाला जप्त करायचा?" डबी राहिली. त्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. मास्तरांना जीपमध्ये मागे बसवून मी भर पेठेतून नेलं. कांदे निवडणाऱ्या बायकासुद्धा मान वर करून बघत होत्या. मास्तरांनी टोपी पुढे ओढून घेतली.

ठाण्यात कारखान्याचे मालक वाट बघत होते. त्यांना संध्याकाळच्या आत अटक हवी होती. अटक झाली असती तर दुसऱ्या दिवशी न्यायालय, आणि तिसऱ्या दिवसापासून कुठल्याही मुख्याध्यापकाने या माणसाला साधं बटण लावायलाही दिलं नसतं. शिंप्याकडे लोक कपडे विश्वासाने टाकतात. चोर ठरलेल्या शिंप्याकडे कोण टाकणार?

चौकशीत मास्तर एकच सांगत राहिले. "मला शिलाई कळते, साहेब. ते यंत्राचं घरातून चालतं."

"घरातून म्हणजे कुठून?"

"घरातून म्हणजे घरातूनच."

खोटं बोलणारा माणूस तपशील फार देतो, असा माझा अनुभव. मास्तर तपशीलच देत नव्हते. हे मला खटकलं. पण खटकलेलं मी स्टेशन डायरीत लिहिलं नाही. उलट मालकांना दाखवावं म्हणून जप्त केलेला टीव्ही जोडायला लावला. माऊस जोडला, कळफलक जोडला. पडद्यावर एकच ओळ आली: सिग्नल नाही. हवालदाराने टीव्हीला बाजूने एक चापट मारली. तरी नाही.

दुपारी मास्तरांच्या बायको आल्या, हातात जेवणाचा डबा. तो टेबलावर ठेवला आणि पिशवीतून ती गुलाबी डबी काढून माझ्यापुढे ठेवली.

"हे तुमचं राह्यलं व्हतं, साहेब. माझा मानूस नेला, टीव्ही नेला. ज्याच्यासाठी आला व्हता, त्ये तितंच टाकून आला."

"बाई, हा साबण..."

"उघडून तर बघा."

उघडली. आत साबण नव्हता. पत्त्याच्या पानाएवढी एक हिरवी पाटी होती, तिच्यावर बारीक बारीक काळे चौकोन.

"ह्यो संगणक. डबीला खाली भोकं असत्यात ना, पानी गळायला? त्यातनं ह्याची गरमी जाते. आणि चालू असताना वायर उपटत न्हाईत, साहेब. आतलं मेमरी कार्ड खराब झालं असतं तर माझी आठ दिवसांची मेहनत गेली असती."

"तुमची?"

"मग काय मास्तरांची? त्येंना मोबाइलचा आवाज कमी करायला बी मी लागते."

मास्तरांनी मान डोलवली. जबाबात ते पहिल्यापासून हेच सांगत होते: ते घरातून, म्हणजे बायकोकडून, चालत होतं.

बाई लग्नाआधी भुकूमच्या एका घरबांधणीवाल्याच्या कार्यालयात संगणकावर बसायच्या. दुकानातला जुना संगणक गेल्यावर त्यांनी ही पाटी पुण्यातून आणली. पावती डबीच्या झाकणात घडी करून ठेवलेली होती. मशीनबरोबर मिळालेला नक्षीचा प्रोग्राम त्यांनी तिच्यावर चालवला. मालक म्हणाले, "अशक्य." मीही मान हलवली, कारण मालकांनी हलवली होती.

"साहेब, तुमच्याकडं परप्रांतातला कामगार आला, त्येला मराठी येत न्हाई, तर जबाब कसा घेता?"

"दुभाषा बोलावतो."

"तसंच हाय. मोठ्या संगणकाचं डोकं एका जातीचं, ह्याचं डोकं मोबाइलच्या जातीचं, एआरएम म्हनत्यात त्येला. प्रोग्राम मोठ्याच्या भाषेत बोलतो, ह्येला ती कळत न्हाई. मदी एक दुभाषा बसवायचा, त्यो हरेक हुकूम फिरवून सांगतो."

"एवढंच?"

"न्हाई, दोन लागत्यात. प्रोग्रामला वाटाया पायजे की आपन आपल्याच गावात हाय, विंडोजमदीच. दुसरा त्येला तसं भासवतो. दार मागितलं की दार दावतो, खिडकी मागितली की खिडकी."

माझ्यातला पोलीस इथे जरा मागे सरला आणि आतला माणूस खुर्ची पुढे ओढून बसला. मी विचारलं, एवढं भाषांतर करताना वेळ जात नाही का? "जातो की. पन एकदा फिरवलेलं त्यो ध्यानात ठेवतो. त्येच वाक्य परत आलं की परत फिरवत न्हाई." आमचे दुभाषे असं करत असते तर माझी निम्मी नोकरी वाचली असती. मग विचारलं, सगळे प्रोग्राम चालतात का? "कुटलं? धा टाकले तर चार उघडत्यात. आठ दिवस तर कायच उघडलं न्हाई. पहिल्यांदा चालला त्यो पत्त्यांचा खेळ. पानं अशी पडत व्हती, जशी म्हातारी पत्ते वाटतीय. पन चालला! मी रडले, साहेब."

त्यांनी डबी जोडली. टीव्ही उजळला. आधी नक्षी उघडली, सावकाश, एकेक पट्टी करत. मग मीच म्हणालो, तो पत्त्यांचा खेळ दाखवा. तपासाच्या दृष्टीने त्याची काही गरज नव्हती. ठाणे अंमलदार टेबल सोडून आले, भिजलेला हवालदार आला, कोठडीवरचा पहारेकरी दारातून मान काढून बघू लागला. माऊस माझ्या हातात होता.

"साहेब," हवालदार मागून म्हणाला, "बदामच्या नव्वीवर किलवरची अठ्ठी."

मालकांनी घसा खाकरला. तेव्हा बाई त्यांच्याकडे वळल्या.

"दादा, तुमचा प्रोग्राम मोठा, नवा. त्येला ती यूएसबीची किल्ली लागती ना? लावल्याशिवाय उघडत न्हाई ती?"

"लागते."

"मग ती बी चोरीला गेली का?"

मालकांनी खिशात हात घातला आणि किल्ली काढली. ते ती रोज काम संपलं की काढून घरी नेत.

"मग तुमचा डबा चोरून आमी करनार काय? किल्लीबिगर त्यो नुसता पत्रा. आमच्या जुन्या प्रोग्रामला सीडीच्या पाकिटावरचा नंबर पुरतो. ह्या धंद्यातल्या कुनी त्यो डबा उचलला नसता."

चार दिवसांत हा प्रश्न मी कुणालाच विचारला नव्हता. म्हणजे चोर भरतकामाच्या धंद्याबाहेरचा, पण कारखान्यात बिनदिक्कत जाणारा. नोंदवही परत उघडली. त्यातले सगळे विचारून झाले होते. मी फाटकावरच्या पहारेकऱ्याला फोन केला आणि विचारलं, नोंद न करता आत कोण जातं?

"कोनीच न्हाई साहेब." मग जरा थांबून, "च्यावाला सोडला तर. त्येची काय नोंद करायची?"

आम्ही फाट्यावर गेलो. चहावाला हसला. "बसा साहेब."

मी उभाच राहिलो. माझी नजर खाली गेली. गोणपाट उचललं. काळा पत्र्याचा डबा, आडवा. माझ्या वजनाने मध्ये किंचित दबलेला.

त्याने लगेच कबूल केलं. टेबलाखालून डबा काढून चहाच्या मोकळ्या क्रेटमध्ये घातला होता, वर गोणपाट. त्याला त्याच्यावर गाड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळायचा होता. डब्याने पासवर्ड विचारला आणि पुढे सरकेना. परत ठेवायची हिंमत होईना.

"मास्तरांचं नाव का घेतलंस?"

"तुमी रोज हितंच येऊन बसाया लागला. म्हनलं, तुमाला दुसरीकडं कुटं तरी लावावं."

"आणि लपवायला हीच जागा सापडली?"

"साहेब, तुमी बसल्यावर खाली कोन बघतंय?"

नवीन पोरांना व्याख्यान द्यायला बोलावतात तेव्हा मी हा तपास सांगतो. तपासात उत्तर बऱ्याचदा समोर ठेवलेलं असतं. आपण त्याचं माप आधी ठरवून बसलेलो असतो. मी फुटभर डबा शोधत होतो, म्हणून मुठीएवढी डबी दिसली नाही. मी पुरुषाला विचारत होतो, म्हणून उत्तर माहीत असलेल्या बाईला गप्प केलं. आणि खबर देणाऱ्याने दिलेली बैठक मी कधी तपासली नाही, कारण ती मऊ नसली तरी फुकट होती.

मास्तरांना सोडतो म्हणालो तेव्हा त्यांच्या बायको जागच्या हलल्या नाहीत.

"असं न्हाई साहेब. ज्या पेठंतून नेलं, त्याच पेठंतून परत सोडा. बाजार उठायच्या आत."

ठाणे अंमलदारांना दुरुस्तीचा पंचनामा लिहायचा होता. "साहेब, काय लिहू?" मी सांगितलं: साबणाची डबी, गुलाबी, एक नग, खाली सहा भोकं, आत संगणक. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण लिहिलं.

जीपमध्ये मास्तर पुढे बसले. मी मागे, मांडीवर टीव्ही आणि हातात डबी. पेठेत उतरलो तेव्हा बाजार भरात होता. टीव्ही मीच खांद्यावर घेतला. कांदेवाल्या, भांडीवाला, सकाळी बघत होते तेवढे सगळे परत बघायला लागले. मास्तरांनी टोपी सरळ केली.

"काय साहेब," भांडीवाला ओरडला, "मास्तरांकडं सापडलं का चोरीचं काय?"

मी थांबलो. बाई पुढे चालत होत्या, त्याही थांबल्या, पण मागे वळल्या नाहीत.

"मास्तरांकडे काही नव्हतं," मी शेवटच्या पालापर्यंत ऐकू जाईल असं म्हणालो. "माझ्याच बुडाखाली होतं."