हवा कोंडलेलं छत

नव्या रायपुरातल्या माझ्या ऑफिसात छत सपाट, पांढरंशुभ्र होतं. जुन्या शहरात, गुढियारी मोहल्ल्यातल्या घरी मात्र डोक्यावर टिनाचे उतरते पत्रे. मला त्या पत्र्यांची लाज वाटायची. दमेकरी आईला गारवा मिळावा म्हणून, असं चारचौघांत सांगत मी पत्र्यांखाली ऊन अडवणाऱ्या ग्लासवूलच्या, म्हणजे काचतंतूंच्या, गाद्या घातल्या आणि खाली पांढरी सीलिंग ठोकून घेतली.

भिंत आणि पत्रा यांच्यातली फट दाखवून मिस्त्री म्हणाला, "भैया, ये बंद मत करो. भाप कहाँ जाएगी?"

फटीतून उंदीर येतात, असं त्याला सुनावून मी ती सिमेंटने बुजवायला लावली. वर आणखी शहाणपणा असा की, गारवा पळू नये म्हणून कूलर चालू ठेवून दारंखिडक्या बंद. कूलरची ओली हवा बाहेर काढायला समोरची खिडकी उघडी ठेवतात, हे रायपुरात शेंबड्या पोरालाही कळतं. महिनाभर पाहुण्यांना बोलावून बोलावून मी छत दाखवलं.

पावसाळ्यात खोलीला ओल्या पोत्यासारखा वास सुटला. सीलिंगच्या कोपऱ्यांत काळे ठिपके आले. आईची धाप वाढली, तर मी तिच्यावरच डाफरलो, "भाजी झाकून काहून नाही शिजवत तू? सगळी वाफ वरच जाऊन राहिली."

ती झाकून शिजवू लागली. धाप काही कमी झाली नाही. थंडी पडल्यावर तर तिला आडवंही होता येईना. रात्रभर उशीला टेकून बसायची. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "कहाँ सोती हैं ये?" तेव्हा कुठे मी मिस्त्रीला बोलावलं.

त्याने सीलिंगचा एक तुकडा काढला आणि भिजलेल्या ग्लासवूलचा काळा लगदा धपकन आईच्या खाटेवर पडला. पत्र्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब लोंबत होते. मी नाक दाबून अंगणात पळालो. आई मात्र सहा महिने त्याच घाणीखाली श्वास घेत होती.

सगळं उचकटलं, फटी मोकळ्या केल्या. आठवड्याभरात आई पाठ टेकून झोपू लागली. एका दुपारी ती दारात बसून शेजारणीला सांगत होती, "पोट्ट्यानं एवढं हौसेचं छत माह्यासाठी काढून टाकलं. लय करते माह्यं."

मी आत होतो. बाहेर येऊन खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही.