सरलेलं कुंकू

माझी नणंद कोकिळा देवळीच्या शाळेत शिकवायची. एकाहत्तरच्या वैशाखात तिचं साक्षगंध वडनेरच्या ओमप्रकाशशी झालं. तो रणगाड्यांच्या पलटणीत नवा अधिकारी होता. जेवताना सासऱ्यांनी त्याला विचारलं, "आत गरमी होते का जी?"

"मामाजी, आपला मे महिना डब्यात घालून झाकण लावा, तसं."

दाराआड कोकिळा हसली. लग्न पुढच्या उन्हाळ्यात ठरलं होतं. डिसेंबरात लढाईत त्याच्या रणगाड्यावर गोळा पडला. चोवीस वर्षांचा होता.

महिन्याभरानं संक्रांत आली. हळदीकुंकू आमच्याकडे, करंडा माझ्या हातात. ओळीनं लावत गेले, लहान पोरींनाही लावलं. कोकिळेपाशी आले आणि पुढे सरकले. कोणी सांगितलं नव्हतं मला. मला पाचवा महिना होता, पोटातल्या जिवाची भीती वाटली. तिनं कपाळ जरा पुढे केलेलं होतं, ते मागे घेतलं. उठली आणि तिळगुळाचं ताट घेऊन बायकांना वाटू लागली.

दुसऱ्या दिवशी ती वडनेरला जाऊन आली. मग दर संक्रांतीला जायची. हळदीकुंकवाला ती घरी नसायची, खरं सांगते, मला बरंच वाटायचं.

त्र्याऐंशी साली तिचा पाय मुरगळला होता, म्हणून सोबत गेले. ओमप्रकाशची आई, जिजाबाई, अंगणात वाट पाहत होत्या.

"उशीर केला व पोरी." पाटावर बसवून त्यांनी तिला हळदीकुंकू लावलं. भिंतीवर फोटोत तो रणगाड्याला टेकून उभा होता.

मला म्हणाल्या, "पयल्या वर्षी कोरं कपाळ घेऊन आलती. म्या म्हटलं, पोरगा माहा गेला, तुले काऊन कुंकू नाई? तर म्हणे, वहिनीच्या करंड्यातलं सरलं."

कोकिळा पदराचा काठ सारखा करत होती. जिजाबाईंनी करंडा माझ्यापुढे धरला. "लावा, तुमीबी लावा."

कोकिळेनं तसंच कपाळ पुढे केलं. मी चिमूट जरा मोठीच घेतली, कुंकू तिच्या नाकावर सांडलं. "वहिनी, सगळं आजच लावता का?" ती म्हणाली.

परतताना बसमध्ये तिनं मला खिडकीची जागा दिली. त्या संक्रांतीला करंड्यात कुंकू होतं, हे देवापुढे मी केव्हाच कबूल केलं आहे. तिच्यापुढे अजून नाही.