आणखी एक पीळ

नर्सबाईंनी त्या सकाळी गाडीच्या आधी पुठ्ठा आत आणला. औषधांच्या खोक्याचा, हातभर लांबीचा, आणि त्यावर तेलाचे तीन काळे डाग. भर दरबारात नायिका पुराव्याचं पत्र ठेवते तसा त्यांनी तो काउंटरवर ठेवला. पत्र ठेवल्यावर क्षणभर थांबायचं असतं. त्या थांबल्या. मला फार बरं वाटलं.

"हे एका रात्रीचं," त्या म्हणाल्या. "परवा सर्व्हिसिंग झालं, कालपासून हे सुरू. लोकांना घर स्वच्छ ठेवा म्हणून सांगत फिरते मी, आणि माझ्याच दारात डबकं!"

हे दुचाक्यांचं गॅरेज माझ्या घरासमोर. रंगभूमी सुटल्यापासून सकाळचे दोन तास मी तिथे एका पालथ्या डब्यावर बसून काढतो. अर्ध्या दुकानात सुट्या भागांचं काउंटर आणि मागे छतापर्यंत कप्पे, उरलेल्या अर्ध्यात कामाचं टेबल, भिंतीवर पाने उंचीप्रमाणे टांगलेले. मालक फोरमन. तरुणपणी कुठल्याशा कारखान्यात ते खरोखरच फोरमन होते, आणि ती पदवी त्यांनी निवृत्तीनंतरही परत केलेली नाही. हात असे जबरदस्त, की त्यांनी बंद केलेला नळ घरात दुसऱ्या कुणाला उघडत नाही, असं त्यांचा मुलगा सांगतो. मी एके काळी राजाच्या भूमिका करायचो, म्हणून ते मला 'राजे' म्हणतात. चहा सांगताना मात्र पैसे राजांनी द्यायचे.

पण ही गोष्ट त्यांच्या सुनेची. तिला सगळी गल्लीच सूनबाई म्हणते. तिच्यापेक्षा वयाने मोठी गिऱ्हाइकंही म्हणतात, आणि तिच्याहून लहानही.

ती शिंप्याच्या घरातली. दहाव्या वर्षापासून वडिलांचं मशीन उघडून पुसणं, तेल घालणं, दोऱ्याचा ताण जुळवणं ही तिची कामं. ताण कमी पडला तर कापडाखाली दोऱ्याचे झुबके, जास्त झाला तर दोरा तुटतो, हे तिला पाढ्यांच्या आधी कळलं. नवरा गणिताचा मास्तर. भला माणूस, पण तेलाचा डाग दिसला की दोन पावलं मागे सरकतो. तेव्हा लग्न होऊन आल्यावर सासऱ्याच्या काउंटरवर बसली ती. गिऱ्हाईक मोडका भाग घेऊन यायचं, ती तसाच नवा काढून द्यायची. काम संपलं. पण हिचं तिथे सुरू व्हायचं. "हा मोडला कसा? रोज किती चालते गाडी? चढावर की सपाटीवर? आवाज आधी आला की नंतर?"

"ही चौकशीची खिडकी," फोरमन म्हणायचे. "जेवणाच्या सुट्टीतही बंद होत नाही."

मोडके भाग ती फेकत नसे. एका ट्रेमध्ये ठेवायची आणि प्रत्येकाला कागदाची चिठ्ठी बांधायची. एका साखळीवर मी वाचलं होतं, 'उपाशी मेली. तेल मिळालं नाही.' एका क्लचप्लेटवर, 'मालकाने हात ठेवायची जागा समजून लिव्हर धरून ठेवला.' एका स्पार्क प्लगवर नुसतंच, 'का?' त्या प्लगचा विचार ती अजून करते.

अशी आठ वर्षं गेली आणि मग तिने सासऱ्याकडे पाना मागितला. फोरमननी दिला, पण अट घालून. "एक वर्ष. तेवढ्यात तुझ्या हातची एक जरी गाडी परत आली, तर पुन्हा काउंटर. आणि मग रडायचं नाही."

"रडणार नाही. पण विचारीन," ती म्हणाली होती.

अकरा महिने झाले होते. एकही गाडी परत आली नव्हती. आणि आता नर्सबाईंचा पुठ्ठा.

नर्सबाई घरोघर फिरून म्हाताऱ्यांच्या जखमा बांधतात, इंजेक्शनं देतात. दिवसाला चौदा घरं. अंथरुणाला खिळलेली माणसं त्यांच्या गाडीच्या आवाजाकडे कान लावून असतात. त्यामुळे 'गाडी ठेवून जा' हे त्यांना सांगायची सोय नव्हती.

फोरमन आले, चष्मा कपाळावर चढवला, वाकून इंजिनाखाली बोट फिरवलं आणि निकाल देऊन टाकला. "सिलिंडरखालची पॅकिंग गेलीय. इंजिन उघडायला लागेल. तीन दिवस."

"तीन दिवस?" नर्सबाई किंचाळल्या. "माझा कोपऱ्यावरचा पेशंट तीन दिवसांत कुजेल हो!"

"मी आधी बोल्ट बघते," सूनबाई हळूच म्हणाली. "ड्रेनचा, फिल्टरच्या झाकणाचे..."

"बोल्ट बघायची गरज नाही. बोल्ट घट्ट आहेत."

मी डब्यावर सावरून बसलो. पन्नास वर्षं मी दुसऱ्यांची वाक्यं ऐकून माझं वाक्य म्हटलंय, त्यामुळे चुकीच्या पात्राच्या तोंडी आलेलं वाक्य मला चटकन खटकतं. हे फोरमनचं वाक्य नव्हतं. त्यांचं वाक्य असायला हवं होतं, 'पोरी, तुझा हात हलका, ढिला राहिला असेल.' अकरा महिने मी ते रोज ऐकत आलो होतो. मग आजच, गाडी परत आलेली असताना, हिच्या बोल्टांवर एवढा विश्वास कुठून आला?

सूनबाईने फक्त मान हलवली. "बरं, बाबा. पण पॅकिंगच गेलीय हे दिसायला तरी हवं. मला दोन तास द्या." मग नर्सबाईंना म्हणाली, "तुम्ही जवळची चार घरं पायी करून या, ताई."

"आणि दोन तासांनी तू मला काय दाखवणार?"

"कुठून येतंय ते."

नर्सबाई पिशवी खांद्याला लावून गेल्या. फोरमन पलीकडच्या गाडीचं चाक काढायला बसले, पाठ आमच्याकडे करून.

मला वाटलं होतं, तेल जिथे दिसतं तिथेच गळत असणार. मी तसं म्हणूनही दाखवलं. तिने हसून मला वाकायला लावलं. "काका, तेल खाली उतरतं आणि गाडी चालली की वाऱ्याने मागे जातं. त्यामुळे सगळ्यात खालचा, तेल काढायचा ड्रेनचा बोल्ट नेहमीच ओला. बिचारा, दुसऱ्यांचे गुन्हे त्याच्या डोक्यावर. आपण बघायचा तो सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओलावा."

"म्हणजे टपकतं तो चोर नव्हे?"

"टपकतं ते चोराचं घर नव्हे. चोर तिथून फक्त पळालाय."

तिने आधी इंजिनावरच्या काचेच्या डोळ्यातून तेलाची पातळी पाहिली. बोटभर कमी होती. मग रॉकेल आणि ब्रश घेऊन सगळं इंजिन धुतलं, फडक्याने कोरडं केलं, कानाकोपऱ्यातून हवा मारली. अर्धा तास गेला. इंजिन शाळेच्या पहिल्या दिवशीच्या पोरासारखं दिसायला लागलं. मग ती माझ्याकडे वळली.

"काका, तुमच्याकडे पावडर आहे ना? तोंडाला लावायची?"

एका नटाला हे विचारायचं? मी जिना चढून गेलो, पेटीतून डबा आणला. तिने सुकलेल्या ब्रशवर पावडर घेतली आणि इंजिनाला लावली. सिलिंडरच्या बुडाला, गिअरच्या दांड्याभोवती, उजवीकडच्या फिल्टरच्या गोल झाकणावर, खाली ड्रेनच्या बोल्टला. पातळ, एकसारखी, कुठेही थर नाही. एवढ्या हळुवारपणे मला कुणी रंगवलं असतं तर मी आणखी दहा वर्षं तरुण भूमिका केल्या असत्या.

"आता कोरड्या पांढऱ्यावर पहिला ओला ठिपका जिथे उमटेल, तिथून येतंय," ती म्हणाली आणि गाडी सुरू केली.

पाच मिनिटं काहीच झालं नाही. फोरमन पाठ न वळवता म्हणाले, "पॅकिंग आहे ती. गरम झाल्यावर दिसेल."

"म्हणून तर गरम करतेय, बाबा."

आठव्या मिनिटाला मला दिसलं. सिलिंडरचं बूड पांढरंच्या पांढरं. गिअरचा दांडा पांढरा. पण फिल्टरच्या झाकणावर, खालच्या बोल्टाच्या बाजूला, पावडरीत एक काळा केस उगवला. बघता बघता तो लांबला, जाड झाला, खाली वळला आणि ड्रेनच्या बोल्टाकडे निघाला.

"सापडला!" मी ओरडलो. शेवटच्या रांगेपर्यंत जावा असा आवाज लागला. फोरमनच्या हातातलं चाक खाली आपटलं.

सूनबाई मात्र ओरडली नाही. गाडी बंद केली आणि गार होईपर्यंत त्या झाकणाकडे पाहत राहिली. मग तिने बोल्टांवरची पावडर पुसली, आणि तिचा हात तिथेच थांबला.

इथे तिची एक सवय सांगायला हवी. बोल्ट आवळून झाला की ती त्याच्या डोक्यापासून शेजारच्या धातूपर्यंत नेलपॉलिशची एक बारीक लाल रेघ ओढते. फोरमन याला 'बोल्टांचा शृंगार' म्हणायचे. रेघ कशासाठी ते त्यांनी कधी विचारलं नाही, आणि विचारलं नाही म्हणून तिने सांगितलं नाही. मी विचारलं होतं. बोल्ट फिरला तर रेघ तुटते, एवढंच कारण.

झाकणाला तीन बोल्ट. तिन्ही रेघा तुटलेल्या. बोल्टाच्या डोक्यावरचा तुकडा पुढे सरकलेला, धातूवरचा जागच्या जागी. आणि पुढे म्हणजे ढिल्याकडे नव्हे, आवळण्याकडे. ड्रेनच्या बोल्टाचंही तेच.

तिने एकदा सासऱ्यांच्या पाठीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी तोंड उघडलं आणि तिने मान हलवली, इतकी बारीक की रंगमंचावर दिसली नसती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती खिडकी मी बंद झालेली पाहिली.

तिने खाली तसराळं ठेवलं, ड्रेनचा बोल्ट काढून तेल सोडलं, झाकण उघडलं. आतला फिल्टर बाहेर काढला, कागदाच्या घड्यांचा, कंदिलासारखा. उघडी बाजू आत होती, म्हणजे बसवताना उलटा पडलेला नव्हता. स्प्रिंग जागेवर. घड्या अंगठ्याने उलगडून उजेडात पाहिल्या. धातूची चमक नाही, म्हणजे इंजिन आतून खात नाही. रबराची रिंग एकच, जुनी चिकटून राहिलेली नाही. शेवटी झाकण हातात घेऊन तिने खालचा बोल्ट जिथून जातो त्या कानावर नख फिरवलं आणि नख अडकलं. केसाएवढी चीर. इंजिन तापलं की कान तिथे उघडायचा, झाकण किंचित उचललं जायचं, आणि रबर सुटून तेल बाहेर.

नेमक्या तेव्हा नर्सबाई परत आल्या. "बोल, कुठून?"

"झाकण चिरलंय, ताई. नवं आहे आपल्याकडे. अर्ध्या तासात बसवते."

"म्हणजे तू बसवलंस तेव्हा चिरलं?"

सूनबाईने झाकण हातातल्या हातात फिरवलं. "दुकानात चिरलं," ती म्हणाली. "चूक दुकानाची."

फोरमन उठून आले होते. त्यांनी तिच्या हातातून झाकण घेतलं, चष्मा खाली ओढला, चिरेवर नख फिरवलं. मग इंजिनाकडे वाकले. झाकणावर लाल रेघेचे तीन अर्धे तुकडे होते, आणि ड्रेनच्या बोल्टापाशी चौथा. आणि मग मी त्यांच्या तोंडून प्रश्न ऐकला.

"पोरी, ही रेघ कशासाठी असते?"

"मी आवळल्यानंतर बोल्ट हलला तर कळावं म्हणून."

"आणि हे हललेत."

"हो."

"कधी कळलं तुला?"

"झाकण उघडायच्या आधी."

फोरमननी घसा साफ केला. मग नर्सबाईंकडे वळले आणि, खरं सांगतो, माझ्या आयुष्यात मी एवढं अवघड स्वगत इतक्या कमी शब्दांत ऐकलेलं नाही. "बाई, परवा ही जेवायला घरात गेली तेव्हा मी चारही बोल्टांना एक-एक पीळ जास्त दिला. लांब पान्याने."

"का?" हे सूनबाईने विचारलं. रागाने नव्हे, ट्रेमधल्या त्या स्पार्क प्लगला विचारते तसं.

"गाडी परत येऊ नये म्हणून," फोरमन म्हणाले. "तुझी."

नर्सबाईंनी पिशवी उगाचच या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"रोजच देता?" सूनबाईने विचारलं.

"अकरा महिने."

"किती पीळ?"

"एक."

"बाबा."

"कधी दीड."

नर्सबाई आधी हसल्या. मग मी. सूनबाई हसली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते पुसायच्या आधी तिने विचारायचं ते विचारून घेतलं. "मग इतक्या महिन्यांत माझी किती कामं नुसत्या माझ्या हातावर उभी राहिली? एक तरी?"

फोरमन कप्प्यांकडे गेले, नवं झाकण आणि नवी रिंग शोधून आणली आणि तिच्यासमोर ठेवली. "ही गाडी राहील," ते म्हणाले.

तिने रिंगला बोटाने तेल लावलं, फिल्टर बसवला, झाकण टेकवलं. आखूड पाना घेऊन तिन्ही बोल्ट पाळीपाळीने थोडे थोडे आवळत गेली, आणि ड्रेनचा नव्या वॉशरवर. फोरमन शेजारी उभे होते, दोन्ही हात पाठीमागे, एका हाताने दुसऱ्याचं मनगट गच्च धरलेलं. शेवटच्या बोल्टाला ती थांबली तेव्हा त्यांचा खांदा आपोआप पुढे आला.

"झालं?"

"झालं."

"एवढंच?"

"एवढंच, बाबा."

त्यांनी खांदा मागे घेतला. तेल भरलं, पावडर लावली, गाडी पंधरा मिनिटं तापवली. आम्ही चौघंही एका झाकणाकडे पाहत उभे होतो. पांढरं ते पांढरंच राहिलं. फोरमन गुडघ्यावर बसून खालूनही पाहून आले. मग उठले, हात पुसले आणि नर्सबाईंना म्हणाले, "पुढच्या वेळी गाडी आणाल तेव्हा मला हाक मारू नका. तिला मारा."

नर्सबाई गाडीवर बसल्या, पिशवी पुढे घेतली. "फोरमन, तुम्हाला मी कधी मारली होती?" त्या म्हणाल्या. "मी पहिल्यापासून तिच्याकडेच येते."

आणि राहिलेल्या दहा घरांकडे निघून गेल्या.