वरच्या कुंडीतला बॉल

ऑफिसचं कपाट उघडलं की ओल्या चामड्याचा वास येतो. लालबागकडच्या मैदानात आम्ही ऑफिसवाले रविवारी सॉफ्टबॉल खेळायचो. कडेला उतारावर पाण्याच्या जुन्या दगडी कुंड्यांची रांग, आणि जमिनीखालून एकीतून दुसरीत वाहणारं पाणी. बॉल कुंडीत पडला की एकजण खालच्या कुंडीत बादली सोडून थांबायचा. पाणीच बॉल आणून द्यायचं. त्या संध्याकाळी माझ्या फटक्याने बॉल मधल्या कुंडीत गेला, पण खाली आलाच नाही. दिवस मावळत आला. तेवढ्यात तिच्या वरच्या कुंडीत डोकावून हेडक्लार्क हळूच म्हणाले, "भाऊ, बॉल तर इकडे आहे. पाणी उलटं कधीपासून चालायला लागलं?" एकाने तिथे बादली सोडली. बॉल घेऊन बादली वर आली, तरी बॉलला कुणी हात लावेना. शेवटी मीच उचलला. तो अजून कपाटात आहे. इतक्या वर्षांत वाळायला हवा होता.