ओटीसकट बेचाळीस

शकिला सिस्टर खमकी बाई. मूळची वडशाची, गावातल्या एकाच आरोग्य उपकेंद्रात एकवीस वर्षं काढलेली. गावातल्या गरोदर बाया तिला सासूपेक्षा जास्त भ्यायच्या. पोटातलं पोर मोठं झालं तर बाळंतपण अडेल, म्हणून गावातल्या सासवा सुनांना अर्धपोटी ठेवत, आणि शकिला त्या सासवांना वजनकाट्यापाशी उभं करून चांगलं झाडायची. ऐकतं कोण म्हणा!

त्या मंगळवारी तपासणीला ही रांग. ज्योत्स्ना आली ती थेट ओटीभरणातून. सातवा महिना, हिरवं लुगडं, पदराच्या गाठीत पाच जणींनी घातलेले तांदूळ, वर नारळ. ती गाठ सोडायची घरी देवापुढेच. सोड बाई, असं शकिलाच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आपण मुसलमान, उद्या काही बरंवाईट झालं तर खापर आपल्याच डोक्यावर फुटायचं, म्हणून तिनं तिला गाठीसकट तसंच काट्यावर उभं केलं. काटा बेचाळीसवर गेला. मागच्या खेपेला चाळीस होता. ओटीचं मागाहून वजा करू म्हणाली, आणि गर्दीत विसरली. शेवटी कार्डं वाटताना आकडा पाहून तिनं ज्योत्स्नाच्या सासूला, भागीरथाबाईला, वर शाबासकीही दिली.

पुढच्या महिन्यात धानकापणी होती, ज्योत्स्ना आलीच नाही. आठव्यातच कळा सुरू झाल्या. मुलगी झाली, एक किलो तीनशे ग्रॅमची. गडचिरोलीला नेली, चौथ्या दिवशी गेली.

चौकशीला आलेल्या साहेबांनी कार्ड पाहिलं. वजन तर वाढलं होतं, तुमची काही चूक नाही, म्हणाले. तेव्हा कुठे शकिलाला ओटी आठवली. रडू आलं नाही. आत काहीच हललं नाही, आणि त्याचीच तिला भीती वाटली. सगळं खरं सांगून टाकू, शिव्या खाऊ, असं ठरवून ती ज्योत्स्नाच्या घरी गेली.

ज्योत्स्ना भिंतीला टेकून बसली होती. शकिलानं तोंड उघडायच्या आत तीच बोलली, तक्रारीचा सूरही नव्हता.

"तुमी वजन वाढलं म्हणून सांगतलं ना सिस्टर, तं सासूबाई भेल्या. पोर मोठं होईन म्हणे. त्या दिवसापासून मले एकच वेळ भात देत होत्या."

भागीरथाबाईनं काळा चहा आणून पुढं ठेवला. शकिलानं तो सगळा प्यायला, आणि सांगायला आली होती ते न सांगताच ती उठली.